वेब सर्व्हिसेससमोर गेटवे उभारताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना आता आपल्या सॉफ्टवेअरमधील माहिती बाहेरच्यांना थेट द्यावी लागते. पुण्याच्या ग्राहकाला ऑर्डरची स्थिती हवी असते, ट्रान्सपोर्टरला डिस्पॅचची वेळ आणि जॉबवर्क करणाऱ्या मशिनशॉपला कास्टिंगचा हीट नंबर (ते धातूच्या कोणत्या वितळणीतले, हे सांगणारा क्रमांक). या सर्वांना एकाच ठिकाणी अडवून, ओळखून, मोजून आत सोडण्यासाठी गेटवे बसवतात. मात्र बहुतेक ठिकाणी तो उलट्या क्रमाने बसतो. आधी सॉफ्टवेअर उतरवले जाते, मग पत्ते जोडले जातात, आणि कोणाला कशाची परवानगी आहे हा प्रश्न सर्वांत शेवटी, एखादा ग्राहक फोनवर ताटकळत असताना विचारला जातो. या लेखात पुढे योग्य क्रम दिला आहे.

उदाहरणासाठी शिरोलीतील एक कल्पित फाउंड्री घेऊ. तिच्या तीन सर्व्हिसेस, म्हणजे विनंती आल्यावर माहिती देणारे-घेणारे प्रोग्राम, आहेत: ऑर्डर, डिस्पॅच आणि तपासणी दाखले. वापरणारे (पुढे यांनाच ‘ग्राहक’ म्हटले आहे) चौघे आहेत: पुण्याचा ग्राहक, ट्रान्सपोर्टर, उद्यमनगरातील मशिनशॉप आणि फाउंड्रीचे स्वतःचे मोबाइल अॅप. गेटवे म्हणून एंजिनएक्स (nginx) या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती धरली आहे, कारण दहा-पंधरा बाह्य ग्राहकांपर्यंत तीच पुरते आणि बिघाड झाल्यास काय झाले ते एका फाइलमध्ये वाचता येते. ग्राहकांनी स्वतः नोंदणी करून एपीआय-की (प्रोग्रामची ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला) मिळवावी अशी गरज असेल, तरच काँग किंवा अपाची एपीसिक्स या तयार गेटवेंचा विचार करावा. काँग घेतल्यास त्याचे प्रशासनाचे पोर्ट (सर्व्हरवर येण्याचे क्रमांकित दार), म्हणजे मूळ मांडणीतले ८००१, इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नये; ते ज्याच्या हाती लागते त्याच्या हाती पूर्ण गेटवे जातो.

पूर्वतयारी: सर्व्हरला हात लावण्यापूर्वी

एक साधा तक्ता करावा. उभ्या रकान्यांत वापरणारे, आडव्या ओळींत सर्व्हिसेस, आणि प्रत्येक चौकटीत फक्त तीन गोष्टी: वाचता येईल का, लिहिता येईल का, आणि गर्दीच्या वेळी मिनिटाला साधारण किती विनंत्या येतील. हा तक्ता संगणक विभागाने एकट्याने भरू नये. डिस्पॅचची वेळ कोण बदलू शकतो हे डिस्पॅच खात्यालाच ठाऊक असते, आणि तपासणी दाखला कोणाला दाखवायचा हे गुणवत्ता विभागालाच. जी चौकट रिकामी राहील तिचा अर्थ ‘परवानगी नाही’ असा घ्यावा, ‘नंतर पाहू’ असा नव्हे.

याच बैठकीत आणखी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. पहिली, सध्या कोण कोणत्या पत्त्यावरून या सर्व्हिसेस वापरत आहे. त्यासाठी सर्व्हिसच्या सर्व्हरवरील लॉग (आलेल्या विनंत्यांच्या नोंदी) निदान पूर्ण महिन्याचे पाहावेत, कारण महिनाअखेरीला एकदाच चालणारे हिशेब जुळणीचे काम आठवड्याच्या लॉगमध्ये दिसत नाही. दुसरी, प्रत्येक सर्व्हिसच्या सर्वांत संथ विनंतीला किती वेळ लागतो. हा आकडा तिसऱ्या टप्प्यात लागेल.

तपासा: तक्त्यावर तिन्ही खात्यांच्या प्रमुखांची सही आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा १: गेटवेची जागा

गेटवे कारखान्यातल्याच सर्व्हरवर बसवण्याचा मोह होतो. तसे केल्यास कारखान्याच्या इंटरनेट जोडणीवर बाहेरून येणारे पोर्ट उघडावे लागते, आणि वीज किंवा जोडणी गेली की ग्राहकाला साधा ‘सेवा तात्पुरती बंद आहे’ हा निरोपही मिळत नाही. माझ्या मते गेटवे मुंबईतील एखाद्या डेटा सेंटरमधल्या छोट्या सर्व्हरवर ठेवावा आणि कारखान्यातील सर्व्हरने वायरगार्डच्या बोगद्यातून (दोन सर्व्हरमधल्या सांकेतिक खासगी जोडणीतून) त्याच्याशी जोडणी करावी. जोडणीची सुरुवात आतून होत असल्यामुळे कारखान्याच्या बाजूला एकही पोर्ट उघडावे लागत नाही. ब्रॉडबँडच्या राउटरमागे हा बोगदा निष्क्रिय राहून तुटू नये म्हणून कारखान्याच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवावे.

सर्व्हिसेस डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनात) चालत असतील तर एक गोष्ट मुद्दाम पाहावी. उबुंटूवरील यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये पोर्ट बंद केले तरी डॉकरने प्रसिद्ध केलेले, म्हणजे बाहेरून वापरायला दिलेले, पोर्ट उघडेच राहते, कारण डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत, लिहितो. फायरवॉलची स्थिती विचारली की पोर्ट ‘बंद’ असल्याचे उत्तर येते आणि सर्व निश्चिंत होतात. उपाय सोपा आहे: पोर्ट प्रसिद्ध करताना ते फक्त बोगद्याच्या अंतर्गत पत्त्याशी बांधावे.

तपासा: ऑफिसचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून, नव्या मांडणीतल्या प्रत्येक सर्व्हिसचे पोर्ट उघडून पाहावे. एकही उत्तर आले नाही पाहिजे. ऑफिसमध्ये बसून केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

टप्पा २: डोमेन आणि सर्टिफिकेट

गेटवेसाठी नवे उपडोमेन घ्यावे. जुना पत्ता सध्या जसा आहे तसा चालू ठेवावा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे सर्टिफिकेट (पत्ता खरा असल्याचा डिजिटल दाखला) सर्टबॉट या साधनाने घेताना नेहमीच्या पद्धतीत ८० क्रमांकाचे पोर्ट उघडे लागते, म्हणून ‘आपण फक्त ४४३ ठेवू’ असे ठरवून ते बंद करू नये. जोडणी सांकेतिक करणाऱ्या टीएलएसच्या १.२ आणि १.३ एवढ्याच आवृत्त्या चालू ठेवाव्यात.

इशारा: सर्टिफिकेटचे नूतनीकरण झाले म्हणजे काम झाले असे नाही. नवी फाइल डिस्कवर येते, परंतु एंजिनएक्स रीलोड होईपर्यंत (मांडणी पुन्हा वाचेपर्यंत) जुनेच सर्टिफिकेट देत राहतो. नूतनीकरणानंतर आपोआप रीलोड होईल अशी जोडणी सर्टबॉटमध्ये आजच करून ठेवावी. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटत असून १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने नूतनीकरण करण्याची सवय तेव्हा अजिबात परवडणार नाही.

टप्पा ३: मार्ग जोडणे

आता गेटवेवर येणारी विनंती योग्य सर्व्हिसकडे पाठवायची आहे. या टप्प्यावर कोणतीही ओळख-तपासणी घालू नये. फक्त आपल्या स्वतःच्या पत्त्यालाच गेटवे वापरता येईल असा निर्बंध ठेवून मार्ग नीट चालतात का ते पाहावे. दोन्ही गोष्टी एकदम केल्या की बिघाड मार्गात आहे की परवानगीत, हे शोधण्यातच दिवस जातो.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक एका तिरक्या रेघेची असते. ‘प्रॉक्सी-पास’ या सूचनेत सर्व्हिसच्या पत्त्यानंतर शेवटी तिरकी रेघ दिली, तर जुळलेला मार्गाचा भाग कापून उरलेलाच पुढे जातो. रेघ दिली नाही, तर मूळ मार्ग जसाच्या तसा पुढे जातो. समजा गेटवेवर ‘/डिस्पॅच/यादी’ अशी विनंती आली. रेघ असेल तर सर्व्हिसला ‘/यादी’ दिसेल, रेघ नसेल तर ‘/डिस्पॅच/यादी’. सर्व्हिस यांपैकी काय अपेक्षिते ते आधी पाहावे आणि तिन्ही सर्व्हिसेसना एकच पद्धत ठेवावी.

हेडरच्या, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींच्या, बाबतीत तीन सापळे आहेत, आणि तिन्हींमध्ये एंजिनएक्स चूक झाल्याचे तोंडाने सांगत नाही. एक: वरच्या पातळीवर दिलेल्या ‘प्रॉक्सी-सेट-हेडर’ सूचना खालच्या विभागात तेव्हाच लागू होतात, जेव्हा त्या विभागात अशी एकही सूचना नसते; एखाद्या मार्गापुरते एक हेडर वाढवले की वरची सर्व हेडरे तिथे गळतात. दोन: नावात अधोरेषा असलेले हेडर मूळ मांडणीत दुर्लक्षिले जाते, त्यामुळे आपण ठरवलेल्या हेडरच्या नावात जोडरेषाच वापरावी. तीन: ‘होस्ट’ हेडर आपण सांगितले नाही तर ग्राहकाने मागितलेल्या डोमेनऐवजी आतल्या सर्व्हिसचे नाव पुढे जाते, आणि सर्व्हिसने बनवलेल्या दुव्यांमध्ये अंतर्गत पत्ते उमटतात.

यानंतर पूर्वतयारीत लिहिलेला संथपणाचा आकडा समोर घ्यावा. सर्व्हिसकडून उत्तर वाचण्याची मूळ मुदत ६० सेकंद असते आणि ग्राहकाने पाठवायच्या मजकुराची मूळ कमाल मर्यादा १ एमबी. तपासणी दाखल्यांबरोबर स्कॅन केलेली चित्रे जात असतील तर पहिल्याच दिवशी ४१३ (मजकूर फार मोठा) ही त्रुटी दिसेल. मर्यादा त्या एकाच मार्गापुरती वाढवावी, सर्व गेटवेसाठी नव्हे.

मुदतीच्या बाबतीत मात्र केवळ आकडा वाढवून भागत नाही. ट्रान्सपोर्टरच्या सॉफ्टवेअरने चलन तयार करण्याची विनंती पाठवली, सर्व्हिसने चलन तयार केले, पण उत्तर यायला उशीर होऊन गेटवेने ५०४ (मुदत संपली) दिले, असे झाल्यास ते सॉफ्टवेअर तीच विनंती पुन्हा पाठवते. परिणामी एकाच गाडीची दोन चलने निघतात आणि वजनकाट्यावर कोणते खरे, यावर वाद सुरू होतो. लिहिण्याच्या प्रत्येक विनंतीबरोबर ग्राहकाने स्वतःचा एक अनन्य क्रमांक पाठवावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हिसने नवे चलन न करता आधीचेच उत्तर द्यावे. ही दुरुस्ती सर्व्हिसमध्ये करायची आहे. गेटवे ती आपल्या वतीने करू शकत नाही.

तपासा: तिन्ही सर्व्हिसेसची एक वाचण्याची आणि एक लिहिण्याची विनंती, सर्वांत मोठ्या फाइलसह. प्रत्येक बदलानंतर आधी मांडणीची चाचणी, मगच रीलोड.

टप्पा ४: ओळख

सर्व्हर ते सर्व्हर बोलणाऱ्या ग्राहकांना, म्हणजे पुण्याचा ग्राहक, ट्रान्सपोर्टर आणि मशिनशॉप यांना, प्रत्येकी वेगळी एपीआय-की द्यावी. ओपनएसएसएलने ३२ बाइटची यादृच्छिक किंमत हेक्स (०-९ आणि a-f) स्वरूपात काढली की ६४ अक्षरांची एपीआय-की मिळते. हेक्सचा आग्रह उगाच नाही: एंजिनएक्सच्या ‘मॅप’ तक्त्यात साध्या अक्षरमालेची तुलना करताना लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद पाहिला जात नाही, त्यामुळे अशी अक्षरे मिसळलेली एपीआय-की दिसते तेवढी भक्कम राहत नाही. एवढी लांब एपीआय-की घातल्यावर एंजिनएक्स सुरू होण्यास नकार देऊन ‘मॅप हॅश बकेट साइझ’ वाढवा असे सांगू शकतो. ते १२८ करावे.

‘मॅप’मध्ये एका बाजूला एपीआय-की आणि दुसऱ्या बाजूला ग्राहकाचे नाव लिहावे. यादीत नसलेल्या कीसाठी नाव रिकामे राहील आणि अशा विनंतीला लगेच ४०१ (ओळख पटली नाही) द्यावे. ओळखलेल्या ग्राहकाचे नाव सर्व्हिसकडे एका ठराविक हेडरमधून पाठवावे. हे हेडर गेटवेने नेहमी स्वतः लिहावे, म्हणजे बाहेरून कोणी तेच हेडर भरून पाठवले तरी ते पुसले जाईल.

इशारा: एपीआय-की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर जोडून घेऊ नये. ती लॉगमध्ये, ब्राउझरच्या इतिहासात आणि कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये उमटते.

मोबाइल अॅपचे प्रकरण वेगळे आहे. अॅपच्या आत ठेवलेली एपीआय-की गुप्त राहत नाही. अॅपची फाइल उकलून ती वाचता येते. तिथे वापरकर्त्याने लॉगिन करावे आणि त्याला थोड्या मुदतीचे टोकन (सही केलेला डिजिटल पास) मिळावे. टोकन तपासताना सही, मुदत आणि ते कोणासाठी दिले आहे या तिन्ही गोष्टी पाहाव्यात, आणि सहीची पद्धत ‘काहीच नाही’ असे सांगणारे टोकन थेट नाकारावे. एंजिनएक्सच्या मोफत आवृत्तीत हे टोकन तपासण्याची अंगभूत सोय नाही, म्हणून ‘ऑथ-रिक्वेस्ट’ सूचनेने तपासणीचे काम आपल्या एका छोट्या सर्व्हिसकडे सोपवावे लागते.

टप्पा ५: परवानगी

पूर्वतयारीतला तक्ता आता मांडणीत उतरवायचा आहे. ग्राहकाचे नाव, सर्व्हिस आणि विनंतीचा प्रकार यांची एकत्र जोडी करून दुसरा ‘मॅप’ लिहावा. ज्या जोड्यांना परवानगी आहे तेवढ्याच लिहाव्यात आणि मूळ उत्तर नकाराचे ठेवावे. ओळख पटली पण परवानगी नाही, अशा वेळी ४०३ द्यावे. ४०१ आणि ४०३ यांची सरमिसळ केली तर पलीकडचा प्रोग्रामर नवी की मागत बसतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

गेटवेच्या मर्यादेचे भान येथेच ठेवावे लागते. मशिनशॉपला तपासणी दाखले वाचण्याची परवानगी आहे एवढेच गेटवेला कळते. मागितलेला हीट नंबर त्या मशिनशॉपला दिलेल्या कास्टिंगचा आहे की दुसऱ्याच्या, हे कळत नाही. हीट नंबर क्रमाने असतात, तेव्हा एक आकडा पुढे-मागे करून दुसऱ्याचा दाखला उघडता येतो. ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षा संस्थेच्या २०१९ आणि २०२३ या दोन्ही एपीआय-धोक्यांच्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे. ही तपासणी सर्व्हिसच्या आतच, गेटवेने पाठवलेले ग्राहकाचे नाव पाहून झाली पाहिजे.

तपासा: तक्त्यातील प्रत्येक रिकाम्या चौकटीसाठी एक विनंती पाठवून ४०३ येते का ते पाहावे. ‘चालते का’ हे सर्वच पाहतात. ‘अडते का’ हे पाहणारे थोडे.

टप्पा ६: मर्यादा

विनंत्यांची मर्यादा आयपी पत्त्यावर लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते आणि आपल्याकडे ती हमखास चुकते. एका कारखान्यातील वीस संगणक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, आणि मोबाइल कंपन्या तर असंख्य ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवतात. मर्यादा चौथ्या टप्प्यात मिळालेल्या ग्राहकाच्या नावावर लावावी. मात्र मर्यादेसाठी दिलेली किंमत रिकामी असेल तर एंजिनएक्स ती विनंती मोजतच नाही, म्हणून अनोळखी विनंती त्याआधीच ४०१ देऊन परत गेली पाहिजे. ‘ऑथ-रिक्वेस्ट’मधून मिळालेले नाव मात्र येथे उपयोगी पडत नाही, कारण मर्यादेची मोजणी त्या तपासणीच्या आधी होते; म्हणून मोबाइल अॅपसाठी टोकनच्या हेडरवरच मर्यादा लावावी.

‘सेकंदाला ५’ याचा अर्थ ‘एका सेकंदात केव्हाही ५’ असा नसतो. तो ‘दर २०० मिलिसेकंदांना १’ असा असतो. पाळी बदलताना मशिनशॉपच्या तीन संगणकांनी एकाच क्षणी विनंत्या पाठवल्या, तर ‘बर्स्ट’ (एकदम येणाऱ्या जादा विनंत्यांची सूट) दिलेला नसताना त्यांतील दोन नाकारल्या जातील. बर्स्ट २० दिला तर जादा विनंत्या रांगेत थांबतील, आणि त्याबरोबर ‘नोडिले’ दिले तर न थांबता पुढे जातील. लोकांसमोरच्या पडद्यासाठी नोडिले असावे. रात्री चालणाऱ्या जुळणीच्या कामासाठी रांग चालते.

आकडे ठरवताना नेहमीचा दिवस धरू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. अशा दिवशी प्रत्येक ग्राहक डिस्पॅचची स्थिती पुन्हा पुन्हा विचारतो, आणि नेमक्या त्याच दिवशी मर्यादेने त्याला अडवणे शहाणपणाचे नाही. डिस्पॅच वाचण्याची मर्यादा सैल आणि चलन लिहिण्याची घट्ट ठेवावी.

नाकारलेल्या विनंतीला एंजिनएक्स मूळ मांडणीत ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतो. ते बदलून ४२९ (फार विनंत्या) करावे आणि किती सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करावा हे ‘रीट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये सांगावे. नाहीतर ग्राहकाला आपला सर्व्हर कोसळल्यासारखा दिसतो.

टप्पा ७: लॉग

प्रत्येक ओळीत ग्राहकाचे नाव, मार्ग, उत्तराचा क्रमांक, एकूण वेळ, सर्व्हिसने घेतलेला वेळ आणि विनंतीचा अनन्य क्रमांक असावा, आणि हाच क्रमांक सर्व्हिसच्या लॉगमध्येही जावा. एकूण वेळ मोठा आणि सर्व्हिसचा वेळ लहान असेल तर ग्राहकाची जोडणी संथ आहे. दोन्ही मोठे असतील तर दोष आपल्या घरात आहे. ५०२ म्हणजे सर्व्हिसशी बोलणेच झाले नाही, ५०४ म्हणजे वाट पाहून मुदत संपली, आणि ४९९ म्हणजे ग्राहकच कंटाळून निघून गेला.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात ठेवावे लागतात आणि त्यात नमूद केलेल्या सायबर घटना ६ तासांत कळवाव्या लागतात. उबुंटूवर एंजिनएक्ससोबत येणारी लॉग फिरवण्याची मांडणी मात्र रोजची एक अशा १४ फाइल्स ठेवते आणि पुढचे पुसते. ही संख्या पहिल्याच दिवशी बदलावी. सर्व्हरचे घड्याळही एनटीपीने जुळवून ठेवावे, कारण टोकनची मुदत आणि दोन लॉगचा मेळ दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत.

टप्पा ८: ग्राहक हलवणे आणि जुना पत्ता बंद करणे

सर्वांना एकाच दिवशी हलवू नये. आधी स्वतःचे अॅप, मग जवळचे मशिनशॉप, जिथे गरज पडली तर माणूस जाऊन बसू शकतो. मग ट्रान्सपोर्टर, आणि शेवटी पुण्याचा ग्राहक, कारण त्यांच्याकडे बदलासाठी त्यांची स्वतःची मंजुरीची साखळी असते. दोन ग्राहकांच्या मध्ये किमान एक आठवडा जाऊ द्यावा.

सर्व हलल्यानंतर जुन्या पत्त्याचा लॉग एक महिनाअखेर ओलांडेपर्यंत पाहावा. तिथे एकही ओळखीची विनंती येत नसेल तेव्हाच तो फायरवॉलमध्ये बंद करावा. हे काम टाळण्याकडेच सर्वांचा कल असतो, आणि पुढे कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवलेल्या घरासारखी गेटवेची गत होते: वरचे सातही टप्पे कोणीही जुन्या पत्त्यावरून वळसा घालून पार करतो. बंद करण्यासाठी कामकाजाच्या दिवसाची सकाळ निवडावी. गणपती किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हे करू नये. फायरवॉलचा जुना नियम कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे गरज पडल्यास एका मिनिटात पूर्ववत करता येईल.

चालू झाल्यानंतर

एपीआय-की बदलताना जुनी काढून नवी देऊ नये. ‘मॅप’मध्ये एकाच ग्राहकाच्या नावासमोर दोन्ही ठेवाव्यात, ग्राहकाने नवी वापरायला घेतल्याचे लॉगमध्ये दिसले की जुनी काढावी. जुनी-नवी ओळखता यावी म्हणून लॉगमध्ये कीची शेवटची चार अक्षरेच नोंदवावीत, पूर्ण की नव्हे. मांडणीची फाइल गिटमध्ये (फाइलमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) ठेवावी, परंतु एपीआय-कींचा ‘मॅप’ वेगळ्या फाइलमध्ये, गिटच्या बाहेर आणि फक्त रूट या मुख्य प्रशासक वापरकर्त्याला वाचता येईल असा असावा. सॉफ्टवेअर सांभाळणारी बाहेरची एजन्सी बदलली, किंवा एपीआय-की पाहिलेला कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर त्याच आठवड्यात सर्व एपीआय-की याच पद्धतीने बदलाव्यात.